पायथ्याची राखण

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की भोरच्या सुलूकाकूंच्या घरात एक फुलस्केप कागद निघतो. काढतात केशवराव. शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हात अजून फळ्यावर लिहिल्यासारखाच चालतो. वर मधोमध ‘शरद सहल’, त्याखाली दोन रेघा, डावीकडे कामं आणि उजवीकडे नावं. दिवाळीच्या आधीचा एक शनिवार-रविवार धरायचा. पहिल्या दिवशी राजगड, दुसऱ्या दिवशी आसपासचं काहीतरी, डोळ्यांना गार वाटेल असं. कधी रायरेश्वराचं पठार, कधी भाटघरचं पाणी, कधी वेल्ह्यापर्यंत जाऊन तोरणा नुसता खालून बघायचा. चाळीस वर्षं हा नेम चाललाय, आणि चाळीस वर्षं त्या कागदावरची शेवटची ओळ बदललेली नाही. ‘राखण – सुलू.’

राखण म्हणजे काय, तर बाकीचे गड चढून येईपर्यंत पायथ्याच्या पाल गावात फुलाबाईंच्या अंगणात सामानाजवळ बसायचं. सतरंज्या, स्टोव्ह, डबे, बदलायचे कपडे, कुणाचं काय न् कुणाचं काय. बसल्या बसल्या कांदे चिरून ठेवायचे, कारण वरून येणारी माणसं भुकेजलेली असतात. आणि ती आली की ‘काय दृश्य होतं म्हणून सांगू!’ हे तोंडभर ऐकून घ्यायचं.

बरं, हे ठरवलं कुणी? कुणीच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीला प्रद्युम्न पोटात होता, म्हणून त्या खाली राहिल्या. पुढच्या वर्षी तो अंगावर पीत होता. मग सासूबाईंना हौस आली. त्या पायथ्यापर्यंत यायच्या आणि तिथे त्यांना सोबत लागायची. मग दिराची धाकटी मुलं. मग सासूबाई गेल्या, दीर परगावी गेले, मुलं मोठी झाली, आणि कागदावरची ओळ मात्र होती तिथेच राहिली. कुणी समोर बसून ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. सवयीशी भांडायचं कसं?

यंदा मात्र सुलूकाकूंच्या मनात वेगळं होतं. श्रावणात पुण्याच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरून सांगितलं होतं, दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू. ‘चालाल, फिराल, मंडईत जाल. पण गडबिड आता विसरायचं हं आजी.’ डॉक्टरांना वाटलं, आजी हसतील. आजी हसल्या नाहीत. विसरायला आधी बघितलेला तरी असावा! वयाची चौसष्ट वर्षं, त्यातली चाळीस राजगडाच्या पायाशी, आणि गड चढायला मिळण्याची ही शेवटची शरद सहल. तेव्हापासून त्या रोज पहाटे नदीच्या घाटावर जाऊन पायऱ्या चढउतार करत होत्या. आधी पाच फेऱ्या, मग दहा, मग वीस. केशवरावांना वाटत होतं, बायको देवाला जाते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कागद निघाला. पुण्याहून प्रद्युम्न आणि त्याची बायको मिताली आलेलीच होती. गाडी – प्रद्युम्न. फोटो – मिताली. इतिहास – केशव. जेवणाची व्यवस्था आणि राखण – सुलू. सुलूकाकूंनी तो वाचून बाजूला ठेवला. आधी फुलाबाईंना फोन करून जेवणाचं सांगावं, आणि मग रात्री ताटावर सगळ्यांना शांतपणे विषय काढून सांगावं, असा त्यांचा बेत होता. शांतपणे! पण त्या शांतपणाची त्या फोनने पार वाट लावली.

“बोला वैनी,” पलीकडून फुलाबाई म्हणाल्या. “येताय न्हवं औंदा?”

“येतोय. शनिवारी. चौघंजण. पिठलं, भाकरी आणि तो तुमचा ठेचा.”

“करती की. भात बी कापायला आलाय, लई झ्याक वास सुटलाय शिवारात.”

“आणि हे बघा फुलाबाई, तुमची ती कपड्यांची दोरी तेवढी शनिवारी काढून ठेवा. गेल्या वर्षी तीन वाजता मी टॉवेल हलवला, तर दोरीवरच्या गोधडीमुळे ह्यांना मी अर्धीच दिसले म्हणे.”

“कुठनं दिसला?”

“वरून. माचीवरून.”

फुलाबाई म्हणाल्या, “वैनी, माचीवरनं आमचं आंगण दिसत न्हाई.”

“असं कसं? मी तिथून माचीकडे बघतच हात करते ना.”

“त्यो बालेकिल्ल्याचा शेंडा वं! माची पार पल्याड ऱ्हाती. मदी डोंगराची सोंड आडवी येती. आन् बालेकिल्ल्यावर तुमचं मालक कदी जात न्हाईत. आमच्या गोरखनं सांगितलंय, कडा बगूनच त्येंचं पाय लटपटत्यात म्हनं.”

आता हे तीन वाजण्याचं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर सुलूकाकू का भडकल्या ते कळायचं नाही. अगदी सुरुवातीच्या एका वर्षी केशवरावांनी वरून आल्यावर सांगितलं होतं, आम्ही तीन वाजता माचीवरून तुला हात केला, तू दिसलीस. पुढच्या वर्षी सुलूकाकू बरोबर तीनला अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी पांढरा टॉवेल हलवला. केशवराव खाली येऊन म्हणाले, “दिसलीस हो! पांढरा ठिपका!” झालं. तेव्हापासून दर वर्षी तीन वाजता, ऊन असो, ढग असो, ही बाई अंगणाच्या मधोमध उभी राहून डोंगराकडे टॉवेल हलवत आली. एका वर्षी अंगात ताप होता, तरी उठली. छोटा प्रद्युम्न धावत यायचा, “आई, तू दिसलीस! मी पण हात केला!” तेवढ्या पाच मिनिटांसाठी सुलूकाकूंना वाटायचं, आपणही सहलीला आलोय.

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात उभ्याच राहिल्या. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते त्यांना कळलं नाही. वरण करपलं. भोरच्या त्या घरात वरण करपण्याची ही पहिलीच वेळ.

ताटं वाढून झाल्यावर त्यांनी विचारलं, “अहो, माचीवरून फुलाबाईंचं अंगण दिसतं का हो?”

केशवरावांचा घास हातातच राहिला. इतिहासाच्या मास्तरला तारीख आठवली नाही की जसा चेहरा होतो, तसा झाला.

“म्हणजे, तसं पाहिलं तर, हवा स्वच्छ असेल तर...”

“दिसतं की नाही?”

“अगं, गंमत होती ती. तू एकटी खाली बसायचीस. तुला बरं वाटावं म्हणून.”

“आणि गेल्या वर्षी अर्धीच दिसले, ते कसं बरं वाटावं म्हणून?”

यावर मितालीला हसू आलं. तिने ते ठसक्यात दडवलं, पण दिसायचं ते दिसलं. सुलूकाकूंनी मुलाकडे पाहिलं. “प्रद्युम्न, तुला माहीत होतं?”

“आई, मी लहान होतो गं. बाबा म्हणायचे, खाली गेल्यावर आईला सांग दिसलीस म्हणून.”

“आणि मोठा झाल्यावर?”

प्रद्युम्न ताटातली भेंडी मोजायला लागला.

तेव्हा सुलूकाकूंचं डोकं जे फिरलं, ते फिरलं. आरडाओरडा करणारी बाई नाही ती. पण आवाज असा आला की शेजारच्या घरातला टीव्ही बारीक झाला. “चाळीस वर्षं मी येड्यासारखी डोंगराला टॉवेल दाखवत बसले! अख्खं गाव बघत असेल, मास्तरांची बायको कुणाला हात करते म्हणून! बरं वाटावं म्हणून म्हणे! बरं वाटायचं होतं तर एकदा, एकदा तरी म्हणायचं होतंत, की सुलू, आज तू जा वर, मी बसतो खाली!”

“पण सामान—” केशवराव म्हणाले.

“सामान? दहा वर्षं झाली गाडी घेऊन. गाडीला कुलूप असतं ना? मग मी कशाला बसते तिथे?”

खरंच की! दहा वर्षं सामान गाडीतून उतरवून अंगणात मांडलं जात होतं आणि त्याच्याशेजारी सुलूकाकू मांडल्या जात होत्या. गाडीला कुलूप असतं हे त्या घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि सगळ्यात जास्त चीड याची आली की स्वतः सुलूकाकूंच्याही आलं नव्हतं. बोलता बोलता, आत्ता, या क्षणी तोंडातून निघालं तेव्हा कळलं. त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“मी यंदा वर येणार,” त्या म्हणाल्या. “शनिवारी. गडावर.”

मग जे सुरू झालं, ते काय सांगावं. गुडघा आधीच झिजलाय. तिथे पाय मुरगळला तर खाली आणायचं कसं? ऑपरेशनची तारीख मिळालीय, ती घालवायचीय का? हे सगळे काळजीचेच शब्द होते, आणि काळजीच्या शब्दांना उत्तर देता येत नाही, हीच तर त्यांची खुबी. प्रद्युम्नने मोबाईलवर गुडघ्याचं कसलंसं चित्र काढून दाखवलं. मिताली म्हणाली, “आई, तुम्हाला गड बघायचाच असेल तर ड्रोनचे व्हिडिओ आहेत ना, टीव्हीवर लावते, एकदम क्लिअर दिसतं.” बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सुलूकाकूंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की तिने मोबाईल उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवरावांनी नवा कागद केला. फार विचार करून, रात्रभर कूस बदलून केला असावा, कारण डोळे लाल होते. राजगड खोडला होता. त्याऐवजी सकाळी भोरचा राजवाडा, मग भाटघर धरणाच्या कडेने गाडीने फेरी, दुपारी झाडाखाली डबा, संध्याकाळी एखादं देऊळ. ‘सुलूच्या सोयीने’ असं वर कंसात लिहिलं होतं.

“हे घे,” ते मोठ्या मनाने म्हणाले. “सगळ्यांनी आपापली हौस बाजूला ठेवलीय तुझ्यासाठी. प्रद्युम्न जरा नाराज आहे, पण मी समजावलं त्याला.”

म्हणजे बघा. गड हिने बघायचा होता, आणि गड बुडवल्याचं पापही हिच्याच माथी! राजवाडा तर त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. भाजी आणायला जाताना रोज दिसतो.

“केलात तो बदल परत फिरवा,” सुलूकाकू म्हणाल्या. “तुमची सहल तुम्ही करा. राजगड ठेवा. मी माझी वेगळी जाते.”

“कुठे?”

“गडावर. बुधवारी निघते.”

केशवराव हसले आणि त्यांनी पेपर उघडला. रागावली की ही भोंगवलीला बहिणीकडे जाते, दोन दिवस राहते, येताना भुईमुगाच्या शेंगा घेऊन येते. इतक्या वर्षांचा अनुभव होता त्यांचा. बुधवारी सकाळी सुलूकाकू पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि “येते मी, गडावर चाललेय” असं स्पष्ट म्हणाल्या, तेव्हाही पेपरमागून आवाज आला, “हो, हो. शेंगा भाजक्या आण.”

भोरच्या स्टँडवर त्या एस.टी.त बसल्या त्या संतापातच. ऐकूसुद्धा आलं नाही या माणसाला! एखाद्या बाईने स्वच्छ मराठीत सांगितलं की मी गडावर चालले, आणि ऐकणाऱ्याला ऐकू आल्या भुईमुगाच्या शेंगा. चेलाडी फाट्याला उतरून त्यांनी वेल्ह्याची गाडी धरली आणि विंझरला उतरल्या. फुलाबाईंचा मुलगा गोरख डेअरीला दूध घालून, गावाची माणसं घ्यायला टेम्पो घेऊन थांबला होता. त्याने पुढची सीट पुसून दिली. टेम्पो पुढे निघाला आणि दोन्ही बाजूंना पिकलेला भात लागला. बांधाबांधावर सोनकी पिवळीधमक फुललेली, ओढ्याला अजून खळखळ पाणी. घरचं कुणी सोबत नव्हतं, तरी त्यांना ते फार आवडलं. मग लक्षात आलं की कुणी सोबत नव्हतं म्हणूनच आवडलं. ‘इकडे बघ, आता तिकडे बघ’ असं सांगायला कुणी नव्हतं.

फुलाबाईंनी त्यांना पाहिलं आणि आधी त्यांच्या मागे पाहिलं. “बाकीची?”

“बाकीचे शनिवारी. मी उद्या वर जाणार. तुम्ही येता का सोबत?”

फुलाबाई दर रविवारी ताकाचा कॅन डोक्यावर घेऊन गड चढायच्या आणि वर येणाऱ्यांना ताक-काकडी विकायच्या. गुरुवारी गडावर काळं कुत्रं नसतं. तरी त्या म्हणाल्या, “येती की. पर वैनी, तुमचा नेम?”

“कसला नेम?”

“वर न जायचा. आमी बाया तर इतकी वर्सं ह्येच धरून हुतो. म्हनलं देवीला काय बोलला असाल, म्हनून पायथ्याला बसून वरच्या देवीला टावेल हालवताय. गावातल्या सुना तुमी हात करायला लागला की आत व्हायच्या, मदी यायचं न्हाई म्हनून.”

सुलूकाकूंना हसावं की रडावं कळेना. शेवटी रडूच आलं. चुलीपुढे बसून, पदर तोंडात घालून, आवाज न करता त्या रडल्या. अख्ख्या गावाने त्यांच्यासाठी देव उभा केला होता. त्यांच्या बसण्याला काहीतरी मोठं कारण असणार, असं परक्या बायकांना वाटलं. घरातल्यांना कारणाची गरजसुद्धा वाटली नाही.

फुलाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग गरम भाकरी ताटात टाकली आणि म्हणाल्या, “खावा. उद्या पायात बळ लागंल.”

गुरुवारी उजाडताच दोघी निघाल्या. फुलाबाईंच्या डोक्यावर ताकाचा छोटा कॅन, सुलूकाकूंच्या हातात गोरखने तासून दिलेली काठी. गवतावर दव होतं, साडीचा काठ ओला होऊन पायाला चिकटत होता. पहिला अर्धा तास त्या जवळपास धावल्याच. फुलाबाई मागून ओरडल्या, “वैनी, जरा दमानं! गड पळून न्हाई चालला!” पण सुलूकाकूंच्या अंगात राग होता, आणि राग चढण चढायला बरा असतो. एका पावलाला केशवराव, एका पावलाला प्रद्युम्न, एका पावलाला तो टॉवेल. पाऊल दाणकन टाकायचं आणि पुढे जायचं.

पण राग गुडघ्यापर्यंत पुरत नाही. मध्यावर एका खडकाशी उजवा पाय असा कळवळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या मटकन बसल्या. खाली पाहिलं तर गाव, भाताची खाचरं, टेम्पोएवढा टेम्पो, सगळं कणाएवढं झालेलं. वर पाहिलं तर तटबंदी अजून आभाळातच. “परत जाऊया का?” फुलाबाईंनी विचारलं. “काय बिगडत न्हाई वैनी. हितवर आलात, लई झालं.”

“लई झालं” हे शब्द ऐकले आणि सुलूकाकूंच्या डोक्यात पुन्हा ठिणगी पडली. अंगणात बसवत आलेले तेच, ड्रोनचा व्हिडिओ लावणारे तेच, राजवाडा दाखवणारे तेच. सगळ्यांचं म्हणणं एकच, तुला एवढं पुष्कळ! फुलाबाईंचा काही दोष नव्हता, पण त्यांच्यावरच त्या खेकसल्या. “लई झालं म्हणू नका हो! काय झालं लई? कांदे चिरणं लई झालं!”

फुलाबाई दचकल्या. मग त्यांनी कॅन खाली ठेवला, कमरेचा पंचा सोडला आणि सुलूकाकूंच्या गुडघ्याला करकचून बांधला. जनावराचा पाय बांधावा तसा, गाठीवर गाठ. “चला मग,” एवढंच म्हणाल्या.

पुढची वाट सुलूकाकू कशा चढल्या ते त्यांनाही नीट सांगता येणार नाही. दहा पायऱ्या, बसायचं. दहा पायऱ्या, पाणी. पाली दरवाजाच्या खालच्या दगडी पायऱ्यांना तर त्या चक्क दोन्ही हातांनी धरत, लहान मूल जिना चढतं तशा चढल्या. साडी मळली, बांगडी फुटली, एका बोटातून रक्त आलं. आणि मग एकाएकी डोक्यावर ऊन पडायचं थांबलं, गार वारा आला. वर पाहिलं तर दरवाजाची कमान होती. त्या दरवाजातून आत आल्या होत्या.

माचीवर पोचायला आणखी थोडा वेळ लागला. तिथे देवळाबाहेरच्या दगडावर बसून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. तोरणा एवढा जवळ, की हाक मारली तर ओ देईल. डोंगरांमागे डोंगर, कुठे हिरवे, कुठे गवत पिवळं पडायला लागलेले, पाण्याचा एक तुकडा लांबवर चमकत होता. केशवरावांनी इतक्या वर्षांत या जागेचं जे जे वर्णन केलं होतं, त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. आनंद झाला. फार झाला. आणि आनंदाच्या पाठोपाठ असा संताप उसळून आला की त्या मोठ्याने बोलल्या, “एवढंच? पाच तास? चौसष्टाव्या वर्षी, मोडका गुडघा घेऊन पाच तास? मग पंचविशीत दोन तास लागले असते की गं, फुलाबाई!”

“दीडच लागला असता,” फुलाबाई ताक ओतत म्हणाल्या.

दोघींनी ताक प्यायलं. गडावर वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. पिशवीतला मोबाईल काढून पाहिला, तर खाली गावात कधी धड नसते ती रेंज वर भरपूर होती. सुलूकाकूंनी घरचा नंबर लावला. का लावला? आता काय लपवायचं, सांगावंसं वाटलं म्हणून लावला. कितीही राग असला तरी चाळीस वर्षांची सवय होती, काही घडलं की या माणसाला सांगायचं. त्यांना वाटत होतं, तो आधी ओरडेल. मग विचारेल, गुडघा कसा आहे? मग कदाचित, कदाचित म्हणेल, शाबास.

“पोचलीस का भोंगवलीला?” केशवराव म्हणाले. “कालपासून फोन नाही.”

“मी राजगडावर आहे.”

“कुठे?”

“माचीवर. देवळापाशी. सकाळी चढले, फुलाबाई आहेत बरोबर.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुलूकाकूंनी फोन कानाला गच्च धरला.

“अगं, म्हणजे तू खरंच...” केशवराव म्हणाले. आणि मग, अगदी मनापासून काळजी वाटून, “मग शनिवारी सामानाजवळ कोण बसणार?”

सुलूकाकूंनी ऐकलं. पुन्हा एकदा मनात घोळवलं, की चुकून काही निराळं ऐकू आलं का. नाही. जसंच्या तसं तेच होतं.

त्या ओरडल्या नाहीत. घसा ताकाने गार झाला होता, आणि ओरडून ऐकू जाईल एवढ्या जवळ हा माणूस कधी नव्हताच, हे त्यांना आत्ता, इतक्या उंचावर बसून कळलं.

“तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या.

“मी?” केशवरावांनी असं विचारलं, की जणू दुसऱ्याच गावातल्या माणसाचं नाव कुणी घेतलं असावं. “मी कसा बसेन? मला वर सगळ्यांना इतिहास सांगायचा असतो. आणि एकट्याने दिवसभर तिथे करायचं काय?”

सुलूकाकूंनी फोन बंद केला. बंद म्हणजे बटण दाबून पूर्ण बंद, आणि पिशवीत खाली, टॉवेलाच्या घडीखाली टाकला.

“काय म्हनत्यात मालक?” फुलाबाईंनी विचारलं.

“एकट्याने दिवसभर तिथे करायचं काय, म्हणून विचारतायत.”

फुलाबाईंनी कॅनचं झाकण काढलं, सुलूकाकूंचा पेला घेतला आणि तो पुन्हा काठोकाठ भरून दिला.